चार नंबरचा हायवे अंदमानात कसा गेला

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'महामार्गांचे क्रमांक : द्यावेत कसे, बदलावेत कसे'. यातलं 'द्यावेत कसे' कुठल्याही पुस्तकात मिळतं. मला बोलायचंय ते 'बदलावेत कसे' यावर, आणि त्याबद्दल माझं एक ठाम म्हणणं आहे. ते शेवटी येईल. अध्यक्षांनी समोर घड्याळ ठेवलंय आणि साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय, असं मला दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा सांगायला लागणार नाही, असा प्रयत्न करतो.

तीसेक वर्षं मी मोटार सर्व्हेअर होतो. म्हणजे विम्याच्या गाडीला अपघात झाला की जागेवर जायचं, फोटो काढायचे, काय दुरुस्त होईल आणि काय भंगारात जाईल ते लिहून द्यायचं. लोकांच्या घरी लग्नाचे अल्बम असतात, माझ्या घरी दबलेल्या केबिनचे आहेत. या धंद्यात 'अपघाताचे ठिकाण' या रकान्याला फार महत्त्व. आणि त्या रकान्यानेच मला या विषयात ओढलं.

आधी एक प्रश्न. साताऱ्याला कसे जाता? 'सातारा रोडनं.' बरोबर. सोलापूरला सोलापूर रोडनं. आणि सोलापूरकर पुण्याला येताना? तो पुणे रोडनं येतो. रस्ता एक, डांबर एक, पण दोन टोकांना दोन नावं. नाशिकला तर आणखी गंमत, तिथे 'नाशिक रोड' म्हटलं की रिक्षावाला रेल्वे स्टेशनला नेऊन सोडतो. ही आपली जुनी पद्धत, रस्ता जिथे जातो त्याचं नाव रस्त्याला. पद्धत वाईट नाही. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी आपल्या नगर रोडला एक अक्षरही बदलावं लागलं नाही. इतका दूरदर्शी रस्ता दुसरा नसेल.

अडचण टोकाच्या माणसाला नसतेच, ती मधल्याला असते. यवतच्या माणसाने काय म्हणायचं? तो म्हणतो 'हायवे'. आणि अपघात टोकाला होत नाहीत, मध्येच होतात. म्हणून आकडा लागतो.

आता ती गोष्ट. काही जणांनी ऐकली असेल, त्यांनी पुन्हा ऐकावी.

साल २०१३. नारायणगावहून टोमॅटो भरून एक ट्रक कोल्हापूरला निघाला. खंबाटकीचा घाट चढला आणि उतरताना पलटी झाला. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही सुखरूप, एवढं आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला मोकळेपणाने हसता येईल. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर लाल चिखल झाला होता, आणि त्यातून वाचलेले कॅरेट लोक 'मदत' म्हणून आपापल्या गाड्यांत भरत होते. हवालदारांनी पंचनामा केला. ठिकाण, 'राष्ट्रीय महामार्ग क्र. ४, खंबाटकी घाट'. बिल्टीवर, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावतीवर काय? 'पुणे-बेंगलोर रोड'. मी माझ्या रिपोर्टात काय लिहिलं? 'एनएच-४'. वीस-बावीस वर्षं हेच लिहीत आलो होतो. हात आपोआप चालायचा.

फाइल गेली विमा कंपनीच्या मुख्य कार्यालयात. कुठली कंपनी ते सांगणार नाही. तिथे नवीनच लागलेला एक तरुण अधिकारी होता, हुशार, नियमाने चालणारा. त्याने काय केलं, 'एनएच-४' कुठे आहे ते सरकारी यादीत पाहिलं. आपण कुणी कधी पाहिलं नव्हतं ते त्याने पाहिलं. आणि महिन्याने मला पत्र आलं. मजकूर साधारण असा, की सदर वाहन अपघातसमयी अंदमान व निकोबार बेटांवर असल्याचे दिसते. तरी वाहन बेटांवर कोणत्या जहाजाने नेले त्याची पावती जोडावी, आणि टोमॅटो पोर्ट ब्लेअरला पाठवण्याचे प्रयोजन कळवावे.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. मग ट्रकमालकाला फोन केला. बिचारा हप्त्यांनी बेजार झालेला. म्हणाला, 'साहेब, नारायणगावच्या टोमॅटोला अंदमानात भाव असता तर मी ट्रक कशाला चालवला असता? बोटच घेतली असती.' हे सगळं त्याच्या आईने ऐकलं. त्या माउलीला एवढंच कळलं, की सरकारच्या कागदात लेकाचं नाव अंदमानाशी लागलंय. तिच्या लेखी अंदमान म्हणजे काळं पाणी. दोन दिवस घरात चूल नीट पेटली नाही. तिची समजूत काढायला मी स्वतः नारायणगावला गेलो. जाताना लक्षात आलं, मी ज्या रस्त्याने चाललोय तो पुणे-नाशिक, म्हणजे माझ्या डोक्यात ५० नंबर. आणि त्याचाही आकडा बदललेला आहे. मग मी यादी मागवली, आणि तिथून हा नाद लागला तो लागलाच.

झालं होतं ते असं. २०१० साली केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. पुण्यात तेव्हा तीन जुने आकडे होते. ४, म्हणजे मुंबईकडून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत चेन्नईला जाणारा. ९, सोलापूर-हैदराबादवरून मछलीपट्टणमला. आणि ५०, नाशिकचा. ४ चा झाला ४८, ९ चा झाला ६५, ५० चा झाला ६०. आणि मोकळे झालेले जुने आकडे दुसरीकडे नांदायला गेले. ९ नंबर आता पंजाबातल्या मलोटहून उत्तराखंडात पिथौरागढकडे जातो. ५० नांदेडहून निघून कर्नाटकात चित्रदुर्गला पोचतो. आणि आपला ४ नंबर सरळ अंदमानात, पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, उत्तरेला दिगलीपूरकडे.

मी तिथे जाऊन आलोय. पत्नी सेल्युलर जेल पाहायला आली होती, मी ४ नंबरची पाटी. सांगायची गोष्ट म्हणजे, मी गेलो तेव्हा त्या हायवेवर मध्ये खाडी आली की गाडी खरोखर बोटीत घालावी लागत होती. म्हणजे त्या तरुण अधिकाऱ्याने बोटीची पावती मागितली यात तसं त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

नवी पद्धत समजायला पुणेकरांना अवघड जाऊ नये. आपण पी-१, पी-२ मध्ये वाढलेली माणसं. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला पी-२ च्या. इथेही तसंच. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात. २ नंबर आसाम-मिझोरामकडे, ६६ आपला पनवेल-गोवा, ७० राजस्थानात पाकिस्तानच्या सीमेलगत. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १ नंबर उरी-श्रीनगर-कारगिल-लेह, आणि ८७ रामेश्वरमच्या बाजूला. आता नकाशात अंदमान शोधा. बंगालच्या उपसागरात, पार पूर्वेला. उत्तर-दक्षिण रस्ता, पूर्वेकडचा, म्हणजे लहान सम आकडा, म्हणजे ४. नियमाने अगदी बरोबर! आपला अपमान झाला तो पूर्णपणे शास्त्रशुद्ध पद्धतीने.

तीन आकडी नंबर म्हणजे फांदी. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. बेळगाव-पणजी पूर्वी '४-अ' होता, तो झाला ७४८, म्हणजे ४८ ची फांदी. पुढे बेंगळुरूजवळ फुटते ती ९४८. पहिला आकडा पाहिला की फांदी मूळ रस्त्यावर साधारण किती लांब फुटली तेही कळतं. हडपसर-सासवड-फलटणवरून पंढरपूरकडे जाणारा ज्ञानेश्वर माउलींचा पालखी मार्ग ९६५, म्हणजे ६५ ची फांदी. पाटस-बारामती-इंदापूरचा तुकोबांचा पालखी मार्ग '९६५-जी'. वारकऱ्यांनी 'ज्ञानोबा-तुकाराम' एका दमात म्हणावं आणि सरकारने तुकोबांना 'जी' लावावा, हे मी आदरार्थी समजतो.

हा 'जी' आला कुठून? दोन आकडी रस्त्यापुढे लावायला आकडे किती, तर एक ते नऊ. नऊ फांद्या झाल्या की संपले. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत राष्ट्रीय महामार्ग सुमारे २० हजार किलोमीटर होते, आज सुमारे १ लाख ४६ हजार. राज्यमार्ग वर उचलून राष्ट्रीय करायचा सपाटाच लागला. झाडाला पालवी फुटावी तशा फांद्यांना अक्षरं फुटली. तळेगाव-चाकण-शिक्रापूर '५४८-डी'. आपला नगर रोड आणि पुढे संभाजीनगर '७५३-एफ'. २०१० मध्ये नीट घडी घातलेलं कपाट दहा वर्षांत पुन्हा उघडून बघितल्यासारखं झालंय.

आणि घडीतही सुरकुती आहे बरं का. सम आकडे पश्चिमेकडे वाढतात म्हणालो. मग सोलापुरावरून जाणारा धुळे-विजयपूरचा रस्ता ५२, आणि त्याच्या पश्चिमेला असलेला आपला ४८! उलट झालं. कारण ४८ दिल्लीहून निघतो, ५२ च्या पूर्वेला. जयपूरला दोघं भेटतात, मग ४८ अहमदाबाद-मुंबईकडे पश्चिमेला वाकतो, हुबळीला पुन्हा ५२ ला ओलांडतो आणि शेवटी चेन्नईला समुद्र गाठतो. जुना ८ आणि जुना ४ एकत्र शिवले की असं होणारच. जुन्या आकड्यांना नियम नव्हता म्हणतात, पण माझ्या मते त्यांत एक माळ होती. २ नंबर दिल्लीहून आग्र्यावरून कोलकात्याला. ३ आग्र्याहून मुंबईला. ४ मुंबईहून चेन्नईला. ५ चेन्नईहून पुन्हा कोलकात्याच्या दिशेला. एकाचं टोक दुसऱ्याच्या हातात. कुणीतरी नकाशावर बोट फिरवत ते आकडे दिले होते. आता त्या ३ नंबरवर अटारी-अमृतसर-मनाली-लेह असा बर्फ पडतो, आणि आपण अजून 'मुंबई-आग्रा रोड'च म्हणतो.

बोटावरून आठवलं. विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. इथल्या किती जणांनी तिथे अभ्यासाच्या नावाखाली झोप काढलीय? हात वर करू नका. ते मुकुंदराव जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांचं चित्र आपल्या डोक्यात पुस्तकांचं. पण १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांचं काय करावं हे ठरवायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच जयकर. पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांच्या निधीत घाला, ही शिफारस त्यांची. रस्ते अभियंत्यांची देशव्यापी संस्था हवी, हाही आग्रह त्यांचाच, त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. आज मैलाच्या दगडाचा रंग कोणता आणि पाटीवरचं अक्षर केवढं, हे ती संस्था सांगते. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची बैठक होऊन रस्त्यांची उतरंड ठरली, राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, गाव. प्रजिमा आणि इजिमा हे आपले शब्द त्या उतरंडीचेच. प्रमुख जिल्हा मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग. दोन्ही शब्द मला कवितेतल्या बहिणींसारखे वाटतात.

दगड राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचा, राज्यमार्गावर हिरव्या. मैल जाऊन साठ वर्षं झाली, तरी तो मैलाचाच दगड. रस्त्यावर काम करणारा माणूस अजून 'मैलकुली'. किलोमीटरकुली कुणी म्हटलेलं ऐकलंय? नाव बदलणं वेगळं आणि तोंडातून जाणं वेगळं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' म्हणजे पाच. बरं.

आता मुद्दा. बाहेरच्या लोकांनी काय केलं ते पटकन पाहू. इंग्रजांनी लंडनला मध्य धरून रस्ते १ ते ६ असे घड्याळाच्या काट्याप्रमाणे बाहेर सोडले. हा विचार पुणेकरांना लगेच पटावा. आपण मध्यभागी, बाकीचे सगळे आपल्यापासून बाहेर. अमेरिकेने १९२६ मध्ये जाळ्याचे आकडे दिले आणि १९५० च्या दशकात नवे इंटरस्टेट रस्ते बांधले, तेव्हा आकड्यांची दिशा मुद्दाम उलटी केली. का? तर एकाच आकड्याचे जुना आणि नवा असे दोन रस्ते शेजारी येऊ नयेत म्हणून. मध्यभागी गाठ पडणार असं दिसलं, तर तो आकडाच वापरला नाही. इंटरस्टेट ५० तुम्हाला सापडणार नाही.

आपण काय केलं? जुना ४८ होता बेंगळुरू-मंगळूर. नवा ४८ जातो त्याच बेंगळुरूवरून. त्या गावात नुसतं '४८' म्हटलं तर माणूस मंगळूरलाही पोचेल आणि चेन्नईलाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. नवी पद्धत वाईट नाही. मला ती आवडते, हे मी घरी कबूल करतो. पण आकडा हा रस्त्याचा पत्ता असतो, आणि पत्ता बदलताना पोस्टमनला सांगावं लागतं. जुना आकडा लगेच दुसऱ्याला देऊ नका, निदान एक पिढी तो रिकामा ठेवा. २०१७ मध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने क्रिकेटच्या मैदानात सचिनचा १० नंबरचा शर्ट घातला तर लोक किती तुटून पडले! पुढे तो नंबर कुणाला द्यायचाच नाही, असं अनौपचारिकपणे ठरलं. दहा नंबरच्या शर्टाला जो मान, तो चार नंबरच्या रस्त्याला का नाही?

दुसरं, नव्या पाटीवर नव्या आकड्याखाली बारीक अक्षरात जुना लिहा. 'जुना रा.म. ४'. पंधरा वर्षं राहू द्या. अमेरिकेतला रूट ६६ कागदावरून १९८५ मध्ये गेला, पण त्याच्या वाटेवर 'ऐतिहासिक' म्हणून पाट्या आजही आहेत. लोक त्या बघायला जातात. आपल्याकडे जुनी आठवण जपली ती ढाबेवाल्यांनी. कोल्हापूरपर्यंत जा, 'हॉटेल एनएच-४' मोजत बसा. सरकारी पाटीपेक्षा मिसळीची पाटी जास्त इमानी निघाली.

तिसरं कागदांचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं होतं, पण आता धावतच सांगतो. खरेदीखतात चतुःसीमा असतात. 'पूर्वेस राष्ट्रीय महामार्ग क्र. ४.' उद्या तुमचा नातू ते वाचेल तेव्हा जमिनीच्या पूर्वेला काय सापडेल? अधिसूचनेत जुन्या-नव्या आकड्यांची यादी आहे, पण ती तलाठ्याकडे, पोलीस ठाण्यात, विमा कार्यालयात भिंतीवर का नाही? एक पानभर यादी! तेवढी असती तर एका आईची दोन दिवसांची चूल थंड राहिली नसती.

चौथं, पाटी कुठे लावायची. फाटा यायच्या आधी सगळे लावतात. फाटा वळून गेल्यावर शंभर-दोनशे मीटरवर आकड्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराची पाटी हवी, की बाबा, बरोबर आलास. चांदणी चौकात २०२२ मध्ये जुना पूल पाडला, २०२३ मध्ये नवीन रस्त्यांची गुंफण खुली झाली. पहिल्या महिन्यात मी मुळशीला निघालो आणि तीन वेळा वारज्याला गेलो. चूक माझीही असेल, वय झालंय. पण वळल्यावर एक ढाल दिसली असती तर दोनदाच गेलो असतो.

क्लेमचं काय झालं विचारताय? पास झाला. साडेतीन महिन्यांनी. मी उत्तरात राजपत्राची प्रत जोडली आणि नकाशावर खंबाटकीला लाल गोल केला. त्या तरुण अधिकाऱ्याने फोन करून माफी मागितली, आणि विचारलं, 'सर, तुमच्या जुन्या सगळ्या रिपोर्टांत एनएच-४ लिहिलंय, ते आता बदलायचे का?' मी म्हटलं, अहो, तेव्हा तो ४ च होता.

एक्स्प्रेसवेचा नंबर काय, हा कुणाचा प्रश्न? साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, नाव यशवंतराव चव्हाणांचं. त्याला ४८ म्हणू नका, ४८ हा खालचा जुना रस्ता. पण याचं सविस्तर उत्तर खाली चहाला देतो, भजनी मंडळाच्या पेट्या दारात आल्यात. आणि आज सम तारीख आहे. समोर पी-१ च्या पाटीखाली ज्यांनी गाड्या लावल्यात, त्यांनी चहाच्या आधी खाली जाऊन यावं.